कपातीच्या दुसऱ्या दिवशी वाहून जाणारे पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या नंदनवन भागात राहतो. अठ्ठावीस वर्षांपासून नळ-फिटिंगचे काम करतो. एप्रिल सरत आला की ज्या घरी कामाला जावे तिथे एकच प्रश्न असतो, "भाऊ, औंदा पाण्याची कपात लागते काय?" याचे उत्तर माझ्यापाशी नसते. शहराला पाणी देणाऱ्या, पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणात किती पाणी उरले ते मलाही तुमच्याच पेपरातून कळते. पण कपात लागली की घराघरात काय होते, ते मी २०१९ साली पाहिले आहे. त्याबद्दल कुठे फारसे वाचायला मिळाले नाही, म्हणून हे पत्र.

त्या वर्षी पाऊस लांबला. वर छिंदवाडा जिल्ह्यात पेंच नदीवर माचागोऱ्याचे धरण झालेले होते, आपल्याकडे त्याला चौराईचे धरण म्हणतात. त्यामुळे तोतलाडोहात पूर्वीसारखे पाणी येईनासे झाले होते. जुलैत धरण मृतसाठ्यावर गेले आणि महापालिकेने बुधवार, शुक्रवार, रविवार असे आठवड्यातले तीन दिवस नळ बंद ठेवले. उन्हाळाभर ज्यांना पाणी मिळाले त्यांना ऐन पावसाळ्यात कपात सोसावी लागली.

मी कामाची वही ठेवतो. कोणाकडे गेलो, काय बदलले, किती पैसे झाले. त्या जुलैची पाने परवा पुन्हा काढून पाहिली. बंदच्या दिवशी दोन किंवा तीन कामे. बंदच्या दुसऱ्या दिवशी मात्र नऊ, अकरा, एका गुरुवारी तर चौदा. टाकी भरून वाहते, नळ बंद होत नाही, खालच्या घराच्या छतातून पाणी टपकते, अशीच सगळी. आदल्या दिवशी वाचलेले पाणी दुसऱ्या दिवशी मोरीतून आणि गच्चीवरून वाहून जाताना मी रोज पाहत होतो. मला सांगायचे आहे ते एवढ्यासाठीच.

त्या चौदातले एक काम मानेवाड्याचे होते. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. नवरा-बायको दोघेही नोकरीवर. बुधवारी रात्री पाणी आले की नाही हे पाहायला कोणीतरी स्वयंपाकघरातला नळ फिरवून पाहिला, थेंब आला नाही, आणि नळ तसाच उघडा राहिला. खाली सिंकमध्ये ताटे होती, त्यांनी जाळी बुजलेली. गुरुवारी सकाळी दोघे कामावर गेले आणि मग पाणी आले. शेजारच्या बाईंचा मला फोन आला तेव्हा साडेअकरा झाले होते. मी पोहोचलो तर जिन्याच्या पायऱ्यांवरून पाणी खाली येत होते, आणि त्यासोबत दाराबाहेर काढलेली लहान पोराची एक चप्पल दुसऱ्या मजल्यापर्यंत आलेली होती. मी खालचा वॉल्व्ह बंद केला. घर उघडल्यावर आम्ही तासभर वायपरने पाणी लोटत होतो. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. आदल्या रात्री त्यांनी अर्ध्या बादलीत दोन मुलांच्या आंघोळी उरकल्या होत्या.

उघडा राहिलेला नळ ही चूक म्हणता येईल. पण दुसरी एक गोष्ट आहे, ती चूक म्हणून कोणी करत नाही, चांगली सवय म्हणून करतात. महालातल्या एका जुन्या वाड्यात त्याच दिवसांत नळाचा स्पिंडल बदलायला गेलो होतो. काकूंनी मंगळवारी भरून ठेवलेले दोन ड्रम, पितळेचे तीन गुंड आणि एक रांजण असे सगळे न्हाणीत ओतायला घेतले. ड्रम आडवा केला आणि ते स्वच्छ पाणी भसाभसा मोरीत गेले.

"काकू, हे काऊन फेकून राह्यल्या?"

"शिळं आहे नं भाऊ ते. आता ताजं येऊन राह्यलं."

मी काही बोललो नाही. आमच्या घरीही तेच होते. माझी आई रोज सकाळी गुंड रिकामा करून चिंचेने घासायची आणि मगच नवे पाणी भरायची. मात्र तिचे पाणी अंगणातल्या विहिरीचे होते. ओढावे लागे म्हणून लागेल तेवढेच ओढलेले. उरलेला तांब्या-दोन तांबे तुळशीला जायचे, नाहीतर शेळीच्या घमेल्यात. ते पाणी जिथून आले तिथेच मुरत होते. नागपूरच्या नळाचे पाणी तसे नाही. तोतलाडोहातून नवेगाव खैरीला, तिथून पाइपाने महादुल्याला, मग गोरेवाड्याच्या किंवा गोधनीच्या केंद्रात गाळून, क्लोरीन टाकून, पंपाने टाकीवर चढवून ते काकूंच्या नळाला येते. चाळीस-पन्नास किलोमीटरवरून आलेले पाणी दोन दिवस झाकून ठेवले म्हणून शिळे होत नाही. भांडे घासलेले असावे, वर झाकण असावे, हात न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घ्यावे, बस.

डासांचे भय खरे आहे. डेंग्यूचा डास घाणीत वाढत नाही, स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी, ड्रम आणि कूलरची टाकी कोरडी करायला सांगतात, ते केलेच पाहिजे. पण कोरडी करायची म्हणजे पाणी मोरीत सोडायचे असे थोडेच आहे? ड्रममधले पाणी कूलरला, कूलरमधले झाडांना, एवढी हलवाहलव केली की झाले. परवाच्या पाण्याने आज कपडे धुवावेत. त्यात काही कमीपणा नाही.

हे मी इतके लावून धरतो त्याला घरचे कारण आहे. माझी बहीण मौदा तालुक्यात दिली आहे. भाऊजींची साडेतीन एकर धानाची बांधी आहे, पेंचच्या नहराच्या शेवटाला. त्या जुलैत त्यांचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, तयार होऊन उभे होते, पाऊस नाही, नहराला पाणी नाही, रोवणी थांबलेली. पऱ्हे फार दिवस झाले की जून होतात, मग लावले तरी फुटवे येत नाहीत. भाऊजी रोज संध्याकाळी फोन करून विचारत, "शहरात काय ऐकू येते? नहर सुटते काय?" धरणात पाणी कमी पडले की आधी पिण्यासाठी राखून ठेवतात आणि मग शेतीचा विचार होतो. हे बरोबर आहे, तसेच व्हायला पाहिजे, भाऊजींनाही ते मान्य आहे. पण पिण्यासाठी म्हणून राखलेले पाणी मी दिवसभर मोरीत जाताना पाहत होतो आणि रात्री त्यांच्याशी फोनवर बोलत होतो. मला ते सांगवले नाही. पुढे सप्टेंबरात पाऊस असा आला की त्याच तोतलाडोहाचे दरवाजे उघडावे लागले. रोवणी मात्र जेव्हा व्हायची तेव्हा झाली नव्हती.

आता कामाच्या बाजूने थोडे. लोकांना वाटते, नळ बंद म्हणजे पाइप भरलेला आणि तोटी बंद. तसे नसते. वरून पाणी बंद झाले की लाइन हळूहळू रिकामी होते. जिथे जोड सैल आहे, फेरूल (मोठ्या लाइनला घराचा पाइप जोडणारा भाग) गळते, पाइप गटाराला लागून गेला आहे, तिथे भरलेल्या लाइनमधून पाणी बाहेर जाते आणि रिकाम्या लाइनमध्ये बाहेरचे आत ओढले जाते. म्हणून बंदच्या दुसऱ्या दिवशी पहिले पाणी गढूळ येते, आणि ते गढूळ आहे म्हणून प्रत्येक घर दहा-पंधरा मिनिटे नळ सोडून ठेवते. त्यात ज्यांनी नळाला टिल्लू पंप जोडला आहे ते लाइन आणखी ओढतात. गल्लीच्या टोकाच्या घराला हवा येते, आणि मधल्या गळतीतून घाण आत येते. टिल्लू लावून द्या म्हणून मला दर उन्हाळ्यात लोक म्हणतात. मी लावून देत नाही. काही गिऱ्हाइके त्यामुळे तुटली. चोवीस तास पाण्याची योजना आपल्या शहराने देशात इतर कोणाच्या आधी मोठ्या प्रमाणावर हाती घेतली, तिच्यामागचा विचारच हा होता की लाइन सतत भरलेली असावी, म्हणजे घाण आत येणार नाही आणि लोक भरून ठेवणार नाहीत. कपात त्या विचाराच्या उलट जाते. लावावीच लागली तर शेवटचा उपाय म्हणून लावावी, आणि तिच्याआधी घरातली गळती थांबवावी.

घरातली सर्वात मोठी गळती कोणती, असे मला कोणी विचारले तर मी गच्चीवर बोट दाखवीन. काळ्या टाकीत पाणी भरले की ते आपोआप थांबवायला बॉल कॉक असतो, आम्ही त्याला फ्लोट म्हणतो. दांडी वाकलेली, गोळ्यात पाणी शिरलेले, रबर कडक झालेले, म्हणजे फ्लोट गेला. दहा घरांतल्या चार-पाच घरी तो गेलेलाच असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो, कारण उन्हात गच्चीवर कोण जातो? अर्ध्या एचपीची मोटर मिनिटाला वीस-पंचवीस लिटर पाणी वर चढवते. मोटर सुरू करून माणूस फोनवर बोलत बसला आणि वीस मिनिटे पाणी वाहिले तर चारशे-पाचशे लिटर गेले. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे चौघांच्या घराचे जवळजवळ दिवसभराचे पाणी एका फोनमध्ये संपले.

दुसरी गळती आवाज करत नाही. संडासातल्या फ्लश टाकीचे रबर झिजले की पाणी रात्रंदिवस भांड्यात सरकत राहते, दिसतही नाही. त्यासाठी प्लंबर बोलवायची गरज नाही. रात्री झोपताना फ्लश टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटे फ्लश ओढू नका. भांड्यातले पाणी निळे झाले तर रबर गेले. हा प्रयोग मी कितीतरी घरी करून दाखवला आहे. निळे पाणी उतरताना पाहिले की घरातले लोक स्वतःच म्हणतात, आत्ताच बदलून टाका.

आणि कूलर. नागपूरचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, पारा ४५ वर गेल्यावर म्हाताऱ्या माणसाला आणि लेकराला तो लागतोच, म्हणून कूलर बंद करा असे मी कधीच म्हणणार नाही. माझ्या घरचा कूलर मे अखेरच्या नवतप्यात दिवसाला नव्वद लिटरपर्यंत पाणी घेतो, बादल्या मोजून पाहिले आहे. पण नळाची पाइप कूलरमध्ये सोडून लोक झोपी जातात आणि पहाटे अंगणात तळे झालेले असते. संध्याकाळी गच्ची थंड करायला पाइपाने पाणी मारणे, गाडी रोज धुणे, दोन-दोनदा सडा टाकणे, या सगळ्याला पेंचचे गाळलेले पाणी कशाला? महाल, इतवारी, सक्करदरा, जुनी शुक्रवारी या भागांत वाड्यावाड्यांत विहिरी होत्या. कित्येकांवर आता स्लॅब टाकून वर गाडी उभी असते. ज्यांची विहीर अजून उघडी आहे त्यांनी गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळणी लावून तिच्यात सोडावे. आपल्याकडे वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एका पावसाळ्यात लाखभर लिटर पाणी पडते. सगळे धरता येत नाही, अर्धे धरले तरी पुढच्या उन्हाळ्याचा कूलर त्यावर निघतो. एका विहिरीला अशी पाइप जोडायला मला दीड दिवस लागला होता.

पिण्याच्या पाण्याच्या मशीनबद्दलही एक शब्द. त्रिमूर्तीनगरातल्या एका घरी मी आरओच्या वाया जाणाऱ्या नळीखाली बादली ठेवली. एक लिटर पिण्याचे पाणी निघेपर्यंत बादलीत तीन लिटर जमले. त्या घरी नळाला पेंचचेच पाणी होते. मी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचे छोटे मीटर जवळ ठेवतो, पेंचच्या नळाला तो आकडा माझ्या पाहण्यात कधी ३०० वर गेला नाही, आणि भारतीय मानकात मर्यादा ५०० ची आहे. बोअरचे जड पाणी असेल तर आरओची गरज समजू शकते. नदीच्या गोड पाण्याला साधी गाळणी किंवा उकळणे पुरते.

सगळा दोष घरांच्या माथी मारणे मात्र बरोबर नाही. दोन वर्षांमागे माझ्याच गल्लीत मीटरच्या बाहेर, रस्त्याखाली फेरूल गळू लागली. पाणी आले की रस्त्यावर झरा. मी पंधरा लिटरची बादली लावून पाहिली, तीन मिनिटांत भरली. म्हणजे तासाला तीनशे लिटर. आमच्याकडे तेव्हा पाणी चार तास यायचे. मी तक्रार नोंदवली, नंबर घेतला, पुन्हा फोन केला, स्वतः जाऊन आलो. अकराव्या दिवशी माणसे आली आणि अर्ध्या तासात काम झाले. तेरा हजार लिटरच्या वर पाणी गेले तोवर. माझी हत्यारे घरात होती, मला काम येत होते, पण मीटरच्या आतले माझे आणि बाहेरचे त्यांचे असा नियम आहे. तो मी मोडला नाही, मोडायचाही नाही. परंतु ते पाणी पाहत अकरा दिवस त्या दारातून ये-जा करणे फार कठीण गेले.

यावर एक साधी सोय होऊ शकते. शहरात परवाना असलेले प्लंबर आहेत. त्यांना उन्हाळ्याच्या तीन महिन्यांपुरती तरी एवढी मुभा द्यावी की रस्त्यावरची फेरूल गळत असेल तर ती तात्पुरती बंद करावी किंवा क्लँप मारावा, फोटो काढून नोंद करावी आणि कायमचे काम खात्याने सवडीने करावे. चुकीचे काम केले तर परवाना जावा. पैसे नाही मिळाले तरी चालेल असे म्हणणारे माझ्यासारखे बरेच निघतील.

भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते आणि तेवढे पेंचचे पाणी वाचते, हे फार मोठे काम आपल्या शहरात झाले आहे. ज्यांनी ते केले त्यांना कपातीचे वेळापत्रक छापताना खाली दोन ओळी जोडणे अवघड नाही: काल भरलेले पाणी फेकू नका, आणि झोपण्याआधी सगळ्या तोट्या बंद आहेत हे पाहा. मानेवाड्याच्या त्या घरी ही दुसरी ओळ फ्रिजवर चिकटवलेली असती तर पुष्कळ झाले असते. आणि कपात लावायची वेळ येण्याआधी, एप्रिलमध्येच, प्रत्येक वस्तीत फ्लोट तपासायची मोहीम घ्यावी. शाळेतली मोठी मुले गच्चीवर जाऊन पाहू शकतात, त्यासाठी कारागीर लागत नाही. टाकी भरल्यावर पाणी थांबते की नाही, एवढेच पाहायचे.

माझ्या बाजूने मी एवढे करू शकतो. पाऊस लागेपर्यंत दर रविवारी सकाळी सात ते दहा, नंदनवन आणि आजूबाजूच्या वस्तीत ज्यांच्या टाकीचा फ्लोट किंवा फ्लशचे रबर गेले आहे त्यांनी सामान आणून ठेवावे, मी बसवून देईन, मजुरी घेणार नाही. एका सकाळी पाच-सहा घरे होतात. माझा पत्ता आणि फोन पत्रासोबत आपल्याकडे दिला आहे, कोणी विचारले तर कृपया द्यावा. जिना नसलेल्या गच्चीसाठी शिडी मात्र घरच्यांनी ठेवावी, माझी शिडी दहाच फुटांची आहे.

आपला नियमित वाचक,
एक नळ-कारागीर,
नंदनवन, नागपूर